गावाचे चर्च : इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जुन्या वास्तूंची ओळख

इंग्लंडमधल्या बहुतेक जुन्या गावांत सर्वांत जुनी वास्तू म्हणजे तिथले चर्च. आजूबाजूची घरे दोनतीनशे वर्षांपूर्वीची असतात; चर्च सहाशे, आठशे, क्वचित तेराशे वर्षांचे असते आणि बहुधा अजून वापरात असते. चर्च ऑफ इंग्लंडकडे आज सुमारे १६,००० चर्चवास्तू आहेत. त्यांतल्या बारा हजारांहून अधिक वास्तूंना कायद्याचे संरक्षण आहे, आणि देशात सर्वोच्च श्रेणी मिळालेल्या संरक्षित इमारतींपैकी जवळजवळ निम्म्या इमारती चर्चच्याच आहेत. परदेशी प्रवासी कँटरबरी, यॉर्क, सॉल्झबरी इथली भव्य कॅथीड्रल पाहून परततात. ती वास्तुकला थोर आहे यात शंका नाही, पण तिच्यामागे बिशपांची सत्ता आणि संपत्ती उभी होती. गावचे चर्च मुख्यतः गावाने बांधले, वाढवले, रंगवले, वरून हुकूम आला तेव्हा त्यावर चुना फासला, आणि पुढच्या पिढ्यांनी पुन्हा खरवडले. एकाच काळातली, एकाच हाताची, न बदललेली वास्तू पाहण्याच्या अपेक्षेने इथे येणाऱ्याची निराशा होईल. हे बदल वाचता येऊ लागले, की मात्र जेमतेम शंभर माणसे मावतील एवढ्या चर्चमध्येही दोन तास अपुरे पडतात.

गावचे चर्च म्हणजे पॅरिशचे चर्च, आणि पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा मुलूख. १०६६ पूर्वीच्या सॅक्सन काळात जमीनदार आपल्या जमिनीवर स्वतःसाठी आणि कुळांसाठी चर्च बांधत. दहाव्या ते बाराव्या शतकांत या चर्चच्या हद्दी पक्क्या होत गेल्या आणि जवळजवळ सारा देश पॅरिशांमध्ये वाटला गेला. हद्दीतल्या प्रत्येकाने पिकाचा, कोकरांचा, लोकरीचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा; बदल्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन इथेच व्हायचे. इमारतीचा भारही वाटलेला होता. लोक जिथे उभे राहत तो पश्चिमेकडचा मोठा भाग, म्हणजे नेव्ह, गावकऱ्यांनी सांभाळायचा. वेदी असलेला पूर्वेकडचा भाग, म्हणजे चान्सेल, दशमांशाचे उत्पन्न घेणाऱ्या रेक्टरने सांभाळायचा. उंच, प्रशस्त, खिडक्यांनी उजळलेल्या नेव्हला खुजे आणि जुनाट चान्सेल जोडलेले अनेक गावांत दिसते, त्याचे कारण या वाटणीत आहे. गावाकडे पैसा आला आणि रेक्टरने हात आखडता घेतला. सोळाव्या शतकात मठ बरखास्त झाले तेव्हा त्यांच्या जमिनींबरोबर चान्सेलच्या दुरुस्तीचे हे ओझेही खासगी मालकांकडे गेले. ते किती चिवट होते हे वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावाच्या खटल्यात दिसले. तिथल्या एका शेताच्या मालकांना मध्ययुगीन चान्सेलचा दुरुस्तीखर्च द्यावा लागेल, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने २००३ मध्ये दिला.

चर्च पाहण्याची सुरुवात बाहेरून करावी. आवाराच्या तोंडाशी पुष्कळदा छपराचे लाकडी फाटक असते. अंत्ययात्रा तिथे थांबे आणि धर्मगुरू पुढे येऊन शवाला सामोरा जाई. आत यूची जुनी झाडे असतात. त्यांतली काही हजार वर्षांहून जुनी, म्हणजे शेजारच्या भिंतींपेक्षाही वयाने मोठी आहेत. उन्हाच्या दक्षिण बाजूला थडग्यांची दाटी असते आणि सावलीच्या उत्तर बाजूला बरीच मोकळी जागा, कारण उत्तरेकडे पुरले जाणे लोकांना नको असे. दक्षिणेच्या भिंतीवर दाराजवळ एखादे भोक आणि त्याभोवती कोरलेल्या बारीक रेघा सापडतात. भोकात काडी खोचून तिच्या सावलीवरून प्रार्थनेची वेळ ठरवण्याची ती सोय होती. घाईघाईने आत शिरणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते.

मग भिंतींचा दगड पाहावा. रस्ते वाईट असल्याने दगड लांबून आणणे फार महाग पडे, म्हणून चर्च जवळच्या दगडाचेच असते. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांवर मधासारखा पिवळसर चुनखडक, हेरफर्डशरात तांबडा वालुकाश्म, कॉर्नवॉलमध्ये करडा, टणक ग्रॅनाइट. एसेक्समध्ये चांगला दगड नव्हता, लाकूड होते. तिथल्या ग्रीनस्टेडच्या चर्चमध्ये उभे चिरलेले ओकचे ओंडके शेजारी शेजारी रोवून केलेली अकराव्या शतकाच्या सुमाराची भिंत अजून उभी आहे. नॉरफोक आणि सफोकमध्ये फक्त चकमकीचे गोटे मिळत. गोट्यांनी कोपरा बांधता येत नाही, म्हणून तिथले मनोरे गोल झाले, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते सर्वांना मान्य नाही, कारण त्याच भागात चौकोनी चकमकी मनोरेही आहेत. गोल मनोऱ्यांची सुमारे १८० चर्च इंग्लंडमध्ये आहेत आणि त्यांतली बहुतेक नॉरफोकमध्ये आहेत, एवढे मात्र खरे.

काळ ओळखायचा तो कमानींवरून आणि खिडक्यांवरून. सॅक्सन काम दुर्मीळ आहे. डरम परगण्यातले एस्कमचे चर्च सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले. उंच, अरुंद, जवळजवळ नि:शृंगार अशी ही वास्तू जवळच्या बिंचेस्टर इथल्या ओस पडलेल्या रोमन किल्ल्याच्या दगडांनी बांधली आहे. एका दगडावर रोमच्या सहाव्या लीजनचे, म्हणजे सैन्यदलाचे, नाव कोरलेले आहे आणि तो भिंतीत उलटा बसवला आहे. बसवणाऱ्यांना अक्षरांशी काही देणेघेणे नव्हते; त्यांना घडवलेला चिरा हवा होता. नॉर्थॅम्प्टनशरात ब्रिक्सवर्थच्या कमानी रोमन विटांच्या आहेत, तर जवळच अर्ल्स बार्टनच्या मनोऱ्यावर दगडी पट्ट्यांची अशी नक्षी आहे की लाकडी चौकटीचे घर दगडात उतरवल्याचा भास व्हावा. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचे छोटे सॅक्सन चर्च तर लोक विसरूनच गेले होते. त्यात शाळा भरे, बिऱ्हाडे राहत. १८५० च्या दशकात तिथल्या धर्मगुरूंना त्या छपराखाली काय दडले आहे ते उमगले.

१०६६ नंतर नॉर्मन आले आणि जाड भिंती, अर्धगोल कमानी, दारांभोवती नागमोडी व चोचींची नक्षी ही त्यांची खूण देशभर उमटली. हेरफर्डशरातले किल्पेक हे त्यातले सर्वांत जिवंत उदाहरण म्हणावे लागेल. ११४० च्या सुमाराचे हे चर्च इवलेसे आहे, पण त्याच्या छपराखाली ओळीने ऐंशीहून अधिक कोरीव दगड आहेत. एकमेकांना चिकटून बसलेले कुत्रा आणि ससा, वाद्य वाजवणारा माणूस, अक्राळविक्राळ तोंडे आणि उघड निर्लज्ज अशी एक स्त्रीमूर्ती त्यांत आहे. बायबलच्या कोणत्याही कथेत न बसणारी ही सृष्टी धर्मस्थळावर का कोरली, यावर अभ्यासक अजून भांडतात. तांबड्या दगडातले ते काम कालच पुरे झाल्यासारखे धारदार आहे.

पुढच्या टोकदार कमानींच्या काळाचे तीन टप्पे आजही वास्तुविशारद थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये दिलेल्या नावांनीच ओळखले जातात. तेराव्या शतकातली अर्ली इंग्लिश शैली म्हणजे भाल्याच्या पात्यासारख्या उभ्या, अरुंद खिडक्या. नॉरफोकमधल्या वेस्ट वॉल्टनला तिचे उत्तम रूप आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली डेकोरेटेड शैली म्हणजे खिडक्यांच्या माथ्यावर दगडाची वळणदार जाळी आणि पानाफुलांचे कोरीवकाम. लिंकनशरातले हेकिंग्टन किंवा यॉर्कशरातले पॅट्रिंग्टन पाहिले, की खेड्यातल्या चर्चची कल्पनाच बदलते. १३४८ मध्ये प्लेग आला तेव्हा हे काम ऐन भरात होते. हर्टफर्डशरात ॲशवेलच्या मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर त्या दिवसांतल्या कोणीतरी लॅटिनमध्ये चार शब्द खरडले आहेत : १३५० साली उरलेल्या लोकांची दैना आणि काही वर्षांनी आलेले भयंकर वादळ. टोकदार हत्याराने ओरखडलेली ती अक्षरे तिरपा उजेड पडला की स्पष्ट वाचता येतात. अनेक चर्चमध्ये याच सुमारास काम थांबल्याच्या खुणा आहेत. पुढे ते सुरू झाले तेव्हा वळणे जाऊन सरळ उभ्या रेघा आल्या. तिसऱ्या टप्प्याचे, पर्पेंडिक्युलर शैलीचे, ते लक्षण.

या तिसऱ्या टप्प्याला पैसा पुरवला तो मेंढरांनी. इंग्लिश लोकर आणि पुढे इंग्लिश कापड युरोपभर विकले जाई. त्या नफ्यातून पंधराव्या शतकात कॉट्सवोल्ड्स आणि सफोकमधल्या लहानशा गावांत राजवाड्याला शोभतील अशी चर्च उभी राहिली. सफोकमधल्या लॅव्हनमचा मनोरा १४१ फूट उंच आहे. तो बांधायला पैसा देणाऱ्या स्प्रिंग या कापड व्यापारी घराण्याचे चिन्ह त्यावर पुन्हापुन्हा कोरलेले आहे. कॉट्सवोल्ड्समधल्या नॉर्थलीचला जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या आकृती आहेत. उमरावाच्या पायाशी सिंह किंवा कुत्रा असतो, तर या व्यापाऱ्यांच्या पायाखाली मेंढी आणि लोकरीचे गाठोडे आहे. आपण कशावर उभे आहोत हे त्यांना ठाऊक होते आणि ते सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. शेजारच्या फेअरफर्डच्या चर्चमध्ये १५०० नंतरच्या काही वर्षांत बसवलेल्या रंगीत काचांच्या २८ खिडक्या सर्वच्या सर्व टिकल्या आहेत. आदमपासून अंतिम न्यायापर्यंतची सारी कथा त्यांत आहे. मध्ययुगीन पॅरिश चर्चमधला असा पूर्ण संच इंग्लंडमध्ये दुसरीकडे कुठेही उरलेला नाही.

आत पाऊल टाकताना आज दिसणारी शांत, पांढरी भिंत मध्ययुगीन गावकऱ्याला अनोळखी वाटली असती. त्याच्या चर्चमध्ये इंचभर जागा रंगाविना नव्हती. दारासमोर लेकराला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत क्रिस्टोफर असे. नेव्ह आणि चान्सेल यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा, त्यावर क्रुसावरचा येशू, दोहो बाजूंना मरिया आणि योहान, आणि मागे कमानीवर कयामतीचे चित्र : डावीकडे स्वर्ग, उजवीकडे नरकाचा जबडा. दिव्यांसाठी, मूर्तींसाठी गावात वेगवेगळ्या मंडळ्या असत, तरुणांची वेगळी, बायकांची वेगळी. डेव्हनमधल्या मोरबाथ या जेमतेम तेहेतीस कुटुंबांच्या गावात संतांच्या नावाने मेंढ्या होत्या आणि त्या घरोघरी वाटून पाळल्या जात. १५२० ते १५७४ एवढा दीर्घकाळ तिथे धर्मगुरू असलेल्या क्रिस्टोफर ट्रिकी यांनी या साऱ्याचा जमाखर्च लिहून ठेवला. इतिहासकार इमन डफी यांनी त्याच वह्यांवरून २००१ मध्ये गावाचा इतिहास लिहिला.

त्या वह्यांत धर्मक्रांती खर्चाच्या नोंदींतून उलगडते. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडले. १५३८ च्या हुकमाने प्रत्येक चर्चला इंग्रजी बायबल ठेवणे आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही लिहिणे सक्तीचे झाले. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत १५४७ पासून मूर्ती, दिवे, वेद्या निघाल्या. १५४९ मध्ये प्रार्थनाही इंग्रजीत आली. मोरबाथने अंत्यविधीच्या काळ्या वस्त्रांसाठी वीस वर्षांहून अधिक काळ पैसा जमवला होता. ती हाती येतात न येतात तोच ती वापरण्याचा विधीच बंद झाला. संतांच्या मेंढ्या विकल्या गेल्या. पुढे मेरी राणीच्या पाच वर्षांत जुने सारे परत मांडायचे आणि १५५९ नंतर एलिझाबेथच्या राज्यात पुन्हा काढायचे, हेही याच गावकऱ्यांनी केले. त्यांच्या भक्तीचे काय झाले असेल हे जमाखर्चाच्या आकड्यांत लिहिलेले नाही, पण ते आकडे वाचताना पोटात कालवते.

पुसलेले सगळेच नाहीसे झाले नाही. सफोकमधल्या वेनहॅस्टनला कमानीवरच्या लाकडी फळ्यांवर कयामतीचे चित्र होते. त्यावर चुना फासून बायबलची वचने लिहिली गेली. १८९२ मध्ये दुरुस्तीत त्या फळ्या जुने लाकूड म्हणून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी कित्येक शतकांपूर्वीचे चेहरे वर आले. फळ्यांच्या मध्यभागी क्रूस आणि दोन माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत, कारण तिथे पूर्वी मूर्ती टेकलेल्या होत्या. काढून टाकलेल्या मूर्तींची याहून बोलकी आठवण क्वचितच सापडेल. त्याच परगण्यात ब्लिथबरोच्या छपराला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. यादवी युद्धात संसदेच्या बाजूने प्रतिमाभंजन करत फिरणारा विल्यम डाउझिंग १६४४ च्या एप्रिलमध्ये इथे आला आणि त्याने देवदूत उतरवायचा हुकूम सोडला. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे, देवदूतही आहेत. बहुधा छप्पर फार उंच पडले. देवदूतांत रुतलेले छर्रे त्याच्या माणसांचे, अशी दंतकथा पुष्कळ दिवस चालली. ते अठराव्या शतकातले, छपरातले पक्षी हाकलण्यासाठी झाडलेले निघाले.

पुढच्या दोन शतकांत चर्च मुख्यतः प्रवचन ऐकण्याची जागा झाले. क्रुसाच्या जागी राजाचे चिन्ह लागले, तीन मजली व्यासपीठे आली, घराण्याघराण्यांच्या बंदिस्त लाकडी खोक्यांसारख्या बैठका आल्या. व्हिटबीच्या समुद्रकाठच्या सेंट मेरीमध्ये हा थाट जसाच्या तसा आहे. इतरत्र तो व्हिक्टोरियन काळाने उखडला. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने मध्ययुगीन चर्च हेच खरे चर्च असा आग्रह धरला आणि हजारो वास्तूंची ‘पुनर्स्थापना’ झाली. गिलावे खरवडले, जुन्या बैठका जळणात गेल्या, चौदाव्या शतकाला शोभतील अशा खिडक्या नव्याने घडवल्या. पडायला आलेल्या कित्येक इमारती त्यामुळे वाचल्या, हे मान्य करूनही नुकसान मोठेच झाले. या लाटेचे पाणी मुंबईपर्यंत आले : पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले, १८५८ मध्ये अभिषेक झालेले कुलाब्याचे अफगाण चर्च याच विचाराचे, तेराव्या शतकातल्या इंग्लिश गावचर्चच्या नमुन्यावर उभारलेले आहे.

कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी बर्फर्डच्या चर्चमधली खरवड पाहिली आणि १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचे म्हणणे साधे होते : दुरुस्त करा, जुने भासवू नका. या आग्रहाने वाचलेले इंगलशमचे चर्च टेम्सच्या वरच्या अंगाला शेतात उभे आहे. त्याच्या भिंतींवर सात शतकांचे रंग एकावर एक आहेत. तेराव्या शतकातली नक्षी, वर सुधारणावाद्यांची वचने, त्यावर अठराव्या शतकातली वचने, कुठे एकातून दुसरे डोकावते. एकच चर्च पाहायला वेळ असेल तर ते हे असावे.

भिंतींवरच्या स्मृतिलेखांत इंग्लंडच्या पसाऱ्याचा हिशोब आहे. हिंदुस्थानात तापाने किंवा लढाईत मेलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या संगमरवरी पाट्या अगदी आडगावांतही सापडतात. श्रॉपशरातल्या मोरटन से इथे रॉबर्ट क्लाइव्ह पुरलेला आहे, पण नेमकी जागा दाखवणारी खूण नाही. ग्लॉस्टरशरातल्या डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्ज आहे, ज्याच्या कारकिर्दीत १७८२ मध्ये मराठ्यांशी सालबाईचा तह झाला. मराठी वाचकाला ही नावे अनोळखी नाहीत. ती एवढ्या लहान, निवांत गावांत भेटतात याचे मात्र नवल वाटते.

घंटांचा उल्लेख केल्याशिवाय ही ओळख अपुरी राहील. इंग्लंडमध्ये घंटा पूर्ण चाकावर टांगतात. ती एकदा वर जाऊन उलटी झाली की क्षणभर रोखता येते, त्यामुळे वाजवण्याचा क्रम दर फेरीला बदलता येतो. सतराव्या शतकापासून ही कला गणिताच्या शिस्तीने जोपासली गेली. सात घंटांचे ५,०४० क्रम होतात आणि ते एकही पुन्हा न येता वाजवायला सुमारे तीन तास लागतात. जून १९४० मध्ये घंटा बंद करण्यात आल्या, कारण शत्रू उतरल्याचा इशारा म्हणून त्या राखून ठेवायच्या होत्या. आता त्या पुन्हा वाजतात; सरावाची एक संध्याकाळ दर आठवड्याला ठरलेली असते आणि विचारले तर वाजवणारे पाहुण्याला बहुधा वर नेतात.

हे सारे सांभाळायला सरकारचा नियमित निधी नाही. गावकऱ्यांकडून सक्तीने घेतली जाणारी चर्चपट्टी १८६८ मध्ये रद्द झाली. तेव्हापासून छपराचे शिसे चोरीला गेले किंवा मनोऱ्याला तडा गेला, तर रविवारी जमणाऱ्या पंधरावीस वृद्धांनी पैसा उभारायचा. १९५५ च्या नियमापासून दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी होते. उपासना बंद पडलेली काही चर्च १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, आज चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या नावाच्या संस्थेकडे गेली. तिच्याकडे साडेतीनशेहून अधिक वास्तू आहेत. १९५७ मध्ये निघालेली फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस ही संस्था इतर कोणी न घेतलेल्या वास्तू घेते. दानपेटीत टाकलेले नाणे या हिशोबात खरोखर मोजले जाते.

पाहायला जाणाऱ्याने दिवसा उजेडी जावे. बहुतेक चर्च दिवसभर उघडी असतात. बंद असलीच तर किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी दाराशी लावलेली असते. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे, नाहीतर बाहेर थांबावे. दुर्बीण जवळ असली तर छपराचे कोरीवकाम नीट दिसते. निकोलस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात पुऱ्या केलेल्या ४६ खंडांच्या ग्रंथमालेत जवळजवळ प्रत्येक चर्चची नोंद आहे. जॉन बेचमन यांनी संपादित केलेले १९५८ चे मार्गदर्शक आणि सायमन जेंकिन्स यांचे १९९९ चे हजार निवडक चर्चवरचे पुस्तक प्रवासात अधिक सोयीचे पडते. पहिल्या फेरीत मात्र पुस्तक मिटूनच ठेवावे : आधी आवाराला एक प्रदक्षिणा घालावी, कोणत्या भिंतीला कोणती भिंत नंतर जोडली ते जोडाच्या रेघेवरून ताडावे, मग आत जाऊन बाप्तिस्म्याच्या कुंडापासून वेदीकडे सरकावे, आणि त्यानंतरच पेव्हस्नर उघडून आपला अंदाज तपासावा.